लाल टिक्का वरच्या बाजूला

२ मार्च
खिडकीतल्या कूलरवरची ताडपत्री आज काढली. आत गेल्या वर्षीचं गवत काळं पडून भुगा झालेलं, तळाला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, कोपऱ्यात वाळलेली पाल. शाळेतून आल्यावर खुरपं घेऊन खरवडत बसले. अख्ख्या कुंभार पिंपळगावला कूलर विकणाऱ्या माणसाच्या बायकोने हे करायचं! ह्यांच्या वेल्डिंगच्या दुकानापुढे रंग वाळत घातलेले कूलर पार रस्त्यापर्यंत आलेत. घरच्या कूलरला वेळ नाही. "तू गवत काढून ठेव, मोटार मी बघतो," हे कधीपासूनचं ऐकतेय.
यंदा मात्र लवकर हवा. लेक सुजाता येतेय बाळंतपणाला. सातवा सरत आलाय. केदारखेड्याहून तिच्या सासऱ्यांचा फोन, पहिली खेप आहे, ऊन वाढायच्या आत घेऊन जा.

५ मार्च
नवं गवत बसवलं. ह्यांनी एकदाची मोटार जोडली. पाणी भरताना माझा हात पत्र्याला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. ओरडले. हे जागचे हलले नाहीत. बाहेरच्या खोलीतूनच, "दोन पिनची हाय, उलटी बसली असंल. काढून फिरवून लाव."
फिरवली. भीत भीत बोट लावलं. काही नाही.
मग ह्यांनी सु.च्या कपाटातली जुनी नेलपॉलिश काढून पिनेच्या एका बाजूला लाल ठिपका दिला. "टिक्का वर ठेवायचा. बस."
दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कूलरला हे असाच टिक्का लावून देतात आणि गिऱ्हाइकाकडून म्हणवून घेतात, टिक्का वर. गावातल्या म्हाताऱ्यासुद्धा पिन लावताना आधी टिक्का बघतात. मला याचं हसू यायचं. आज आलं नाही.

१० मार्च
सु. आली. जावईबापू चहा पिऊन लगेच परत गेले, त्यांना ड्यूटी. पोरीचे पाय सुजलेत, चेहरा उतरलाय, पण बोलणं तेच. आल्या आल्या कूलरपुढे चटई टाकून आडवी. फरशी नुकती पुसलेली, ओली. मी तिला उठवलं आणि चटई मागे ओढली.
"याला तू हात लावायचा न्हाई. पाणी मी भरीन."
"काहून? पप्पानं बनवलेला हाय ना?"
म्हणूनच, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

१८ मार्च
दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. शेजारच्या कडूबाई पदराने वारा घेत आल्या. यंदा त्यांनीही आमच्याकडूनच कूलर नेला.
"बाई, तुमच्या मालकाचा कूलर हवा लई गार देतो. पण चावतो."
त्यांच्या नातसुनेने, शीतलने, पिन काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावला. परत लावताना टिक्का खाली गेला. कडूबाई हसत होत्या. कूलर चावतो हे त्यांना शेळी मारकी असावी इतकंच वाटतंय.
जेवताना ह्यांना सांगितलं.
"त्यांच्या घरात सदा ओल राहती."
"आणि आपल्या घरात काय वाळवंट हाय?"
दुसरी भाकरी त्यांनी तशीच ठेवली.

२४ मार्च
आज भांडण झालंच. मी म्हटलं, दुकानातले सगळे कूलर एकदा तपासा. ते म्हणाले, लोखंड आहे, थोडा करंट येतोच, बापाच्या जमान्यापासून येतो, कोण मेलं? मीही चढले. शाळेत आवाज चढवायची सवय, घरी उतरत नाही.
सु. भिंतीला टेकून बसलेली. पोटावर हात. हळूच म्हणाली, "पप्पा, हे लेकरू उद्या रांगायला लागलं की त्याला काय सांगायचं? टिक्का बघ म्हणून?"
हे उठून गेले. संध्याकाळी आले ते तीन पिनांच्या प्लगचं गाठोडं घेऊन. पहिला घरच्या कूलरला बसवला. म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांच्या घरी जाऊन बदलतो. तीन पिनची सेफ असती."
संसारात पहिल्यांदा भांडण न लांबवता माझं ऐकलं. माझं कुठलं, लेकीचं. पण अभिमान वाटला. खूप वाटला.

३० मार्च
जवळजवळ सगळी घरं झाली. फुकटात. लोक विचारतात, सरपंचकीला उभं राहायचंय का? हे हसतात, पिशवी खांद्याला लावून पुढच्या दारात. लाल टिक्केवाल्या जुन्या पिना सगळ्या भंगारात टाकल्या.
मीही शाळेत मुलांना सांगितलं, घरी सांगा, दोन पिनचा प्लग वापरायचा नाही. एकसुरात "हो बाई". आज झोप चांगली लागेल.

३ एप्रिल
पाणी भरत होते. प्लग बदलल्यापासून पहिल्यांदाच पत्र्याला हात लागला. या वेळी झिणझिण्या नाहीत, झटका. दात एकमेकांवर आपटले, पाइप हातातून उडाला. जीभ चावली गेली.
बटण बंद करून हे पिनेपाशी गेले. सवयीने काढली, सवयीने फिरवून लावायला गेले. बसेना. तीन पिनची, ती एकाच बाजूने बसते. पुन्हा लावून पाहिली. मग ती काढून बाजूला ठेवली.
सु. दारातून बघत होती. तिला आत पाठवलं.

४ एप्रिल
रहीमभाई वायरमनला बोलावलं. गावातल्या निम्म्या घरांची फिटिंग त्यांचीच, आमचीही. टेस्टर घालून बघितलं, मग निवांत चहा घेत बसले.
"तिसऱ्या भोकात काय बी न्हाई बाई. ते शोभेचं हाय."
"म्हणजे अर्थिंग?"
"केलीच न्हाई. घर बांधतानी मालकच म्हणते ना, खर्चा वाढवू नको. तुमच्या मालकानं बी म्हणलं व्हतं."
हे खाली बघत होते.
"अन् एक सांगू का," रहीमभाई बशी पुसत म्हणाले, "पैले पिन फिरवता येत व्हती. आता फिरत न्हाई. ज्याच्या बोर्डात तारा उलट्या, त्याचं कायमचंच उलटं झालं."
अगदी सहज म्हणाले. हवापाण्याचं बोलावं तसं. ह्यांचा चहा तसाच राहिला.
म्हणजे टिक्क्यावर का होईना, जी घरं आजवर निभावली होती, त्यातली कितीतरी आपणच कायमची उलटी करून ठेवली.

५ एप्रिल
सकाळपासून दोघंही दारोदार. कूलर बंद ठेवा, निदान पाणी भरताना पिन काढा. लोक तोंडाकडे बघतात. "या उन्हात बंद करा म्हणता? म्हातारं मरंल की."
एका पोरीच्या आईने मलाच सुनावलं, "तुम्हीच तर शाळेत सांगितलं, बाई. तीन पिनची लावा म्हणून." कूलर समोर चालू, पोरगी त्याच्या पायाला टेकून अभ्यास करत बसलेली. मी तिला उचलून दूर बसवलं. आई हसली.
आम्ही वळलो की ती परत तिथेच बसणार.

८ एप्रिल
हे दुकानात लोखंडी सळया कापून राहिलेत. करंट जमिनीत उतरावा म्हणून सळई खोल ठोकायची, भोवती कोळसा आणि मीठ, मग तार ओढून कूलरला. घरची मोरीच्या सांडपाण्याजवळ ठोकली. आता पत्र्याला हात लावला तर काहीच नाही. मी चारदा लावून बघितला. सु.लाही लावू दिला, माझा हात तिच्या दंडावर ठेवून.
पण आमची मोरी ओली असते. बाकीच्यांच्या अंगणात मुरूम, वाळून दगड झालेला. कोरड्या जमिनीत करंट उतरत नाही, सळई नुसती उभी. रोज पाणी ओतलं तरच तिचा उपयोग. आणि नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. एक म्हातारे म्हणाले, "माणसाला पाणी न्हाई अन् तुमच्या सळईला पाजू?"
चूक नाही त्यांचं. उन्हाळा वाढेल तशी जमीन वाळत जाणार, जमीन वाळेल तसा कूलर जास्त लागणार. हा विचार डोक्यातून जात नाही.

१२ एप्रिल
शीतलला कूलरने धरलं.
कडूबाईंची किंचाळी भिंतीपलीकडून आली. मी पोहोचले तेव्हा तिच्या सासऱ्याने काठीने पिन उडवली होती. पोरगी ओल्या फरशीवर पडलेली, डोळे उघडे, बोलत नव्हती. शुद्ध होती. तळहात काळा पडलाय. दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टर म्हणतात नशीब.
त्यांच्याकडची सळई परवाच ठोकली होती. पाणी घालायचं राहून गेलं.
हे दवाखान्याच्या पायरीवर बसून होते, आत जायची हिंमत नाही. कडूबाई बाहेर आल्या, ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "तू चांगला हाईस रे बाबा. कूलर वाईट निघाला."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल
जयंती. पांढरी साडी नेसले, विहारात वंदनेला गेले, सु.ला रिक्षाने नेलं. गल्लीत निळे झेंडे, सगळीकडे खिरीचा वास. मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचणारा आमचा माणूस यंदा कुठे दिसेना. शोधलं तर चौकातल्या लायटिंगच्या लोखंडी कमानीपाशी, टेस्टर घेऊन. पोरं चेष्टा करत होती, "काका, बाबासाहेबांच्या कमानीला बी करंट हाय का?"
होता. थोडा होता. तार ओढूनच तिथून हलले.
त्यांच्या वाट्याची खीर झाकून ठेवलीय.

२१ एप्रिल
आता सळई ठोकायला लोकच बोलावतात. शीतलचा हात बघितल्यावर सगळे घाबरलेत. जो तो म्हणतो, आमच्याकडे आधी. दुकान बंदच आहे. अंगाने निम्मे झालेत. म्हटलं, एक दिवस थांबा. "मी थांबलो अन् त्याच दिवशी कुणाला धरलं तर?"
आमच्या सळईला मी सकाळ-संध्याकाळ भांड्यांचं पाणी घालते. चुकून विसरले तर शाळेत आठवतं आणि सुट्टी होताच धावत घरी येते.

३ मे
मुलगी! परवा, बुद्धपौर्णिमेला. सु. सुखरूप. आज घरी आणलं. बाळाच्या तळव्यांना अजून सुरकुत्या आहेत. हे लांबूनच बघत होते. घ्या की, म्हटलं. आधी साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. घेतल्यावर रडले. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरलं नाही.
मग बाळाला माझ्याकडे देऊन कूलरपाशी गेले आणि पत्र्यावर चारी बाजूंनी हात फिरवला.

६ मे
सकाळपासून लाइट नाही. लाइनचं काम आहे, संध्याकाळशिवाय येणार नाही असं लाइनमन सांगून गेला. खोलीची भट्टी झालीय. बाळ किरकिरतंय, मी पुठ्ठ्याने वारा घालतेय.
हे मात्र खूश. "आज लाइटच न्हाई, जल्दी हात चालंल. ओढ्यापलीकडची राहिलेली सगळी उरकून येतो." त्या वस्तीवरची घरं शेवटची. मग संपलं. जाताना शेजारी कडूबाईंच्या कूलरची तार ढिली झालेली बघत होते, मोटारीपाशी आत कोपरापर्यंत हात. मी भिंतीवरून ओरडले, आधी पिन काढा.
"लाइट न्हाई तर पिन कशाला काढायची? दर घरात काढत बसलो तर दिवस जाईल."
पिशवी उचलून गेले. मोबाइल इथेच राहिला, चार्जिंगच्या वायरीला तसाच लटकून.

दु. तीन वाजले असतील. वरचं लिहीत असतानाच लाइट आली.
कूलर आपोआप सुरू झाला. शेजारी कडूबाईंचा झाला. त्यापलीकडचा. एकामागून एक गल्लीतले सगळे, पार ओढ्याच्या अंगाला आवाज जात गेला. बाळाच्या अंगावरून गार वारा गेला तसं ते रडायचं थांबलं.
सु. उठून बसली. म्हणाली, "आई, पप्पा आत्ता कुणाच्या घरी असतील?"
चप्पल घालतेय. कुठल्या घरापासून विचारत जावं ते कळत नाही.