आत्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या विषाणूच्या रहिवासाबाबत

प्रति,
मा. संचालक,
विभागीय विषाणू जनुक तपासणी केंद्र,
नागपूर (महाराष्ट्र)

विषय: श्री. नीळकंठ खानझोडे यांच्या रक्ताचा नमुना राज्याबाहेरचा म्हणून न नाकारण्याबाबत.

संदर्भ: आपल्या स्वीकृती कक्षाचा ‘परत’ हा शेरा, दि. ११ सप्टेंबर २००६.

महोदय,

परत मिळालेल्या थर्माकोलच्या खोक्यात पुढील वस्तू होत्या: रक्ताच्या नळ्या दोन, बुचे शाबूत, बर्फाच्या पिशव्या चार, चारही वितळलेल्या, डॉक्टरांची चिठ्ठी एक, वडिलांच्या शिधापत्रिकेची छायाप्रत एक, तीवरील ‘बालाघाट, म.प्र.’ या शब्दांभोवती लाल वर्तुळ. ही प्रत कोणी मागितली नव्हती. कागद पूर्ण असावेत म्हणून मीच जोडली होती. वडील एवढेच म्हणाले, “पत्ता सांगाची एवढी काय घाई होती तुले?”

१. वडिलांना जानेवारीत नागपूरच्या एका रुग्णालयात त्यांच्या बहिणीचे, म्हणजे माझ्या शीलाआत्याचे, मूत्रपिंड बसवले. जुलैपासून त्यांना सायटोमेगॅलो विषाणूचा ताप आहे. गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून सुरू केले तेव्हा एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या २२,००० प्रती होत्या. तीन आठवड्यांनी त्या ६१,००० झाल्या.

२. हे औषध विषाणूच्याच एका एन्झाइममुळे कामाला लागते. त्या एन्झाइमच्या जनुकात बदल झाला असेल तर औषध शरीरात जाऊनही निष्क्रिय राहते. दुसरे औषध आहे, पण ते मूत्रपिंडालाच इजा करू शकते. म्हणून जनुकाचा अहवाल पाहिल्याशिवाय ते द्यायला डॉक्टर धजत नाहीत. हा अहवाल फक्त आपल्या केंद्रात मिळतो. आमच्या राज्यात कुठे मिळेल म्हणून मी चौकशी केली, तेव्हा मला आपलाच पत्ता देण्यात आला.

३. आपल्या नियमाप्रमाणे नमुना महाराष्ट्रातील रहिवाशाचा हवा. याबाबत नम्रपणे कळवते की शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत वडिलांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे नव्हती, आत्याच्या रक्तात होती. म्हणजे विषाणू मूत्रपिंडासोबत आला. आत्या आमगाव, जि. गोंदिया येथे राहते. यावरून विषाणू मूळचा महाराष्ट्रातील ठरतो. हे मी आपल्या स्वीकृती कक्षाच्या खिडकीवर सांगितले असता तेथील गृहस्थ म्हणाले, “बाई, किडनी आठ महिने झाले तिकडं राहून राह्यली. आता ते एम.पी.चीच झाली ना.”

४. त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे खोडता येत नाही. ज्या प्रती औषधाला दाद देत नाहीत त्या बहुधा उपचार सुरू झाल्यावर, म्हणजे बालाघाटातच, तयार झाल्या असाव्यात. परंतु एकाच नळीतील किती प्रती कोणत्या राज्यातील आहेत, हेही आपल्या तपासणीशिवाय सांगता येणार नाही.

५. आत्याने स्वतःची शिधापत्रिका पाठवली आहे. तिचे म्हणणे, “किडनी माही, त्यातला किडा माहा, मंग कागद बी माहाच लाव.” मी नकार दिला होता, कारण तिच्या नावाचा अहवाल वडिलांच्या उपचारासाठी डॉक्टरांना ग्राह्य धरता येणार नाही. आता दोन्ही शिधापत्रिका जोडत आहे. नळीवर कोणाचे नाव लिहायचे ते आपण ठरवावे. नियमात बसत असेल तर वडिलांना आमगावला हलवून तेथून रक्त पाठवते, परंतु डॉक्टरांनी त्यांना प्रवास मना केला आहे.

६. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. अहवाल कसा वाचायचा हे मला समजते. तो मिळवायचा कसा, हे समजत नाही. नमुना कृपया तपासावा, ही विनंती.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,

वैदेही नीळकंठ खानझोडे
बालाघाट
दि. १८ सप्टेंबर २००६

सोबत:
१. रक्ताचा नवा नमुना, नळ्या दोन, नाव न लिहिलेल्या
२. डॉक्टरांची चिठ्ठी
३. शिधापत्रिकांच्या छायाप्रती, बालाघाट व आमगाव
४. आज दुपारी मिळालेला विषाणूभार अहवाल: एक मिलिलिटर रक्तात १,९६,००० प्रती