साडेआठ ते पावणेसात पोरं कुणाकडे?

१६ मे, शुक्रवार

झालं! आजपासूनच शाळा बंद. सुट्टी लागणार होती बुधवारी, त्या बेताने मी सगळं बसवलं होतं, आणि काल शाळेच्या ग्रुपवर मेसेज — कडक ऊन, आठवीपर्यंतचे वर्ग उद्यापासून बंद, आता थेट एक जुलैला या. खाली सगळ्या आयांनी हात जोडल्याच्या चित्रांची रांग लावली. थँक्यू मॅम, थँक्यू मॅम! कसलं डोंबलाचं थँक्यू? पाच दिवस आधीच दोघांना माझ्या डोक्यावर आणून ठेवलं.

जुई अकरा वर्षांची, आदेश सात. नवरा, भास्कर, गोंड्याला, रेल्वेच्या कामावर. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. जानकीपुरमहून, लखनौच्या या टोकाहून, माझं ऑफिस पाऊण तास. म्हणजे साडेआठला घर सोडायचं, पावणेसातला परत. मधल्या वेळात पोरं कुणाकडे?

असो. वीस तारखेला नागपूरहून सासूबाई येताहेत. आजची रजा टाकली, मग दोनच दिवस कसेबसे काढायचे.

१८ मे, रविवार

सासूबाई येत नाहीत.

फोनवर आधी जय भीम, मग तब्येत, मग आमरसाच्या गोष्टी, आणि शेवटी मुद्दा. पायलचं, म्हणजे नणंदेचं, बाळंतपण तीन आठवडे अलीकडे आलं. ‘काहून रागावतं वं बाई? पोरीले असं टाकून येऊ का मी?’ रागावले नव्हते. रडू येत होतं, म्हणून बोलत नव्हते.

भास्कर समोर पेपर वाचत बसलेला. ‘होईल काहीतरी.’ होईल! या घरात सगळं आपोआपच होतं. सब्जी आपोआप येते, डबे आपोआप भरतात. म्हटलं, तू घे ना रजा. तर असा बघायला लागला, जसं काही मी त्याला रूळ उचलून घरी आण म्हटलं.

१९ मे, सोमवार

दोघांना ऑफिसात नेलं. दुसरं काय करणार? रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, पंख्याखाली, चित्रकलेची वही देऊन. अकरापर्यंत ठीक. मग आदेशने जुन्या फायलींचा किल्ला केला!

निगम साहेबांनी आत बोलावलं. आवाज अगदी गोड. ‘मैडम, ये ऑफिस है, पार्क नहीं.’ मी तिथेच चाइल्ड केअर लीव्हचा अर्ज पुढे केला. कागदावर माझ्या नावे सातशे तीस दिवस आहेत, पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत. त्यातले तीस-पस्तीस मागितले, जास्त नाही. ते म्हणाले, जूनमध्ये दिल्लीहून तपासणी आहे, तुमचा सेक्शन पहिला. ‘जुलाई में ले लीजिए, जितनी चाहिए.’

जुलैत! शाळा उघडल्यावर!

न विचारता राहावं तर मागच्या वर्षीचा वार्षिक शेरा अजून खुपतो — ‘उपस्थिति संतोषजनक नहीं’. यंदा पुन्हा तसंच लिहिलं तर प्रमोशनच्या यादीतून नाव गेलंच समजा. सात वर्षं वाट बघितली आहे मी त्याची.

२१ मे, बुधवार

समर कॅम्प बघून आले. स्केटिंग, झुंबा, ‘पर्सनॅलिटी’. नऊ ते बारा. बारा वाजता आणायला कोण जाणार, असं विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘मम्मी लोग आ जाती हैं.’

वरच्या मजल्यावरच्या मिश्रा भाभींनी काल एक दिवस ठेवून घेतलं. आज सकाळी जिन्यातच भेटल्या. ‘भाभी जी, बच्चे तो बहुत प्यारे हैं, पर मेरा बीपी...’ पुढचं ऐकलंच नाही मी. परत ऑफिसला फोन, पोट बिघडलंय म्हणून. किती वेळा बिघडणार माझं पोट?

२३ मे, शुक्रवार

कांता मिळाली! मिळाली!

पलीकडच्या गल्लीत भांडी करते. साडेआठला येणार, मी येईपर्यंत थांबणार, दुपारी गरम पोळ्या करून घालणार. आदेशला बघताक्षणी म्हणाली, ‘अरे, ये तो मेरे नाती जैसा है.’ मी तिथेच चहा टाकला दोघींचा. कितीतरी दिवसांनी बसून चहा प्यायले.

आणि हो, आता ही वही फ्रिजवर ठेवते, हाताशी. आधीच्या वह्या कुलपात असायच्या, भास्कर वाचून खोड्या काढायचा. आता तो असतो कुठे? आणि पोरांना मराठी ऐकून कळतं, तेवढंच. उत्तर हिंदीत. मराठीचं पुस्तक त्यांनी कधी हातात धरलं नाही, हे माझंच पाप. पण त्यामुळे या घरात मला मन मोकळं करायला एक जागा तरी आहे.

२८ मे, बुधवार

सगळं सुरळीत. आदेशचे गाल वर आले. लिहायला काही नाही, हेच किती सुख आहे.

३१ मे, शनिवार

कांता चालली. मलिहाबादला, बागेत. ‘दशहरी टूटने लगा है, दीदी. पूरा घर जाता है, हर साल.’ आंबे उतरवायचे, निवडायचे, पेट्या भरायच्या, महिनाभर तिकडेच. आधी का नाही सांगितलं गं? तर म्हणते, जूनमध्ये दशहरी उतरतो हे लखनौत कुणाला सांगावं लागतं? तुमच्यासाठी एक पेटी आणीन म्हणाली.

पेटी काय करू मी? पेटी बसेल का पोरांजवळ?

भास्कर म्हणतो, जुई मोठी झाली आता. ही मोठी! अजून वेणी माझ्याकडून घालून घेते.

२ जून, सोमवार

आज दोघांना एकटं ठेवून गेले.

३ जून, मंगळवार

काल जुईचे सव्वीस फोन आले. सव्वीस! आदेश दूध पीत नाही. आदेशने मारलं. लाइट गेली. दारावर कुणी आलंय. लाइट आली. आम्ही कार्टून बघू? मी त्यांना सगळं शिकवून गेले होते — दार उघडायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही, काही झालं तर मला फोन. ‘काही झालं’ म्हणजे काय ते सांगायचं राहिलं.

आज तपासणीच्या तयारीची मीटिंग. फोन टेबलावर थरथरतोय, थांबतोय, परत थरथरतोय. निगम साहेब बोलता बोलता थांबले. ‘मैडम, पहले आप घर चला लीजिए, ऑफिस हम चला लेंगे.’ सगळे हसले. माझ्या हाताखालचा पोरगा पण हसला! बाहेर येऊन फोन उचलला तर विचारतेय, मम्मी, मैगी का मसाला कहाँ है?

ओरडले तिच्यावर. जिन्यात, सगळ्यांदेखत.

जीव मेटाकुटीला आलाय. फोन वाजला की वाटतं, खिडकीतून भिरकावून द्यावा. दोन्हीकडून कचाट्यात सापडले आहे, आणि गळ्यात ही दोन लोढणी. हो, लोढणी! लिहिते. कुणाला सांगू नाहीतर? माझ्या आईला सांगितलं तर म्हणेल, नोकरी सोड. भास्करला सांगितलं तर म्हणेल, होईल काहीतरी. खरं सांगायचं तर आज जिन्यात उभी असताना एक क्षण वाटलं, ही दोघं नसती तर बरं झालं असतं. कुठल्या कुठे पोचले असते मी. शी! पण वाटलं खरं.

५ जून, गुरुवार

काल एकही फोन नाही. आजही नाही! घाबरून मीच दोन वाजता केला. ‘सब ठीक है मम्मी, आप काम कीजिए.’

घरी आले तर भांडी घासलेली.

९ जून, सोमवार

माझी जुई! ओरडले ते बरंच झालं म्हणायचं. केव्हाची शहाण्यासारखी वागतेय. सकाळी माझी पाण्याची बाटली भरून ठेवते. आदेशचा अभ्यास घेते, त्याला आंघोळ घालते. काल भास्करलाही सांगितलं, तो म्हणाला, बघ, मी म्हटलं नव्हतं?

आदेश तेवढा कुरकुरतो — ‘दीदी फोन छूने नहीं देती.’ चांगलं करते, म्हटलं.

संध्याकाळी मी कणीक मळत होते, तर ओट्याशी येऊन विचारते, ‘मम्मी, लोढणं क्या होता है?’ मला हसूच आलं. आजीशी फोनवर बोलताना ऐकलं असेल, अस्सल गावाकडचा शब्द. तिला नीट समजावून सांगितलं — आमच्याकडे पळणारी गाय असते ना, द्वाड, तिच्या गळ्यात एक जाड लाकूड बांधतात. चालताना ते पायात येतं, मग तिला पळता येत नाही. ‘उसको दर्द होता है?’ म्हटलं, होत असेल गं. ‘अच्छा,’ म्हणाली आणि गेली. बरं वाटलं मला. चला, मराठी शब्द विचारायला लागली एकदाची.

१३ जून, शुक्रवार

सोमवारपासून तपासणी, तीन दिवस. आता एवढे निभावले की गंगेत घोडं न्हालं. निगम साहेब आज ‘वेरी गुड’ म्हणाले. अमीनाबादला जाऊन जुईला एक लखनवी चिकनकारीचा कुर्ता घ्यायचा आहे, पिस्ता रंगाचा. कमावलाय पोरीने.

१८ जून, बुधवार

दुपार. आदेशचे कपडे न्यायला घरी आले आहे, दहा मिनिटं. लिहिलं नाही तर फुटेन.

काल सातला घरी पोचले. पडदे ओढलेले. आदेश फरशीवर, डोळे अर्धे उघडे, अंग तव्यासारखं. जुई त्याच्या कपाळावर माझी ओली ओढणी ठेवतेय. तांब्यात मीठ-साखरेचं पाणी. सकाळी अकरापासून ताप! परवा दुपारी मी झोपायला सांगूनही गच्चीवर पतंग घेऊन गेला होता म्हणे. लू लागली, ऊन बाधलं. अकरापासून सात! आठ तास ते पोर एकटं त्याच्यापाशी बसून होतं.

मिश्रा भाभींच्या गाडीतून नेलं. लगेच सलाईन. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. दोन तास!

बाहेर आले आणि जुईला विचारलं, फोन का नाही केलास? का नाही केलास गं? मिश्रा भाभी वरच होत्या, त्यांना का नाही सांगितलंस? शेवटी एवढंच — ‘आपकी मीटिंग थी.’ मी तिला मारलं. सगळ्यांसमोर, दोनदा. रडलीही नाही. मलाच विचारते, आदेश ठीक हो जाएगा ना?

मी कशी आई आहे? भास्कर सकाळच्या गाडीने आला, तो आहे त्याच्यापाशी. मला एवढंच म्हणाला, त्याचे कपडे घेऊन ये. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आजच्या तपासणीला गेलेच नाही. निगम साहेबांचे पाच फोन. उचलले नाहीत.

१९ जून, गुरुवार

ताप उतरला. आदेशने खिचडी मागितली.

खिचडी टाकून वही घेतली. शेवटचं पान सापडेना म्हणून मागून चाळत आले आणि तीन जूनवर थांबले. जागोजागी पेन्सिल. शाळेच्या पुस्तकात अवघड शब्दांवर अर्थ लिहितात, तसे अर्थ लिहिले आहेत, बारीक अक्षरात. ‘मेटाकुटीला’वर — बहुत थक गई. ‘कचाट्यात’वर नुसतं प्रश्नचिन्ह. अक्षरं तर तीच आहेत, हिंदीची नि मराठीची! इतकी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही.

‘नसती तर’ला अर्थ लिहिलेला नाही. ते कळलं असणार तिला.

‘लोढणी’खाली दोन रेघा. वर लिहिलंय — लकड़ी, जो गाय को भागने नहीं देती. मैं और आदेश.