शक्तीच्या गोळ्या

८ नोव्हें. ९८, रवि. साक्री
दिलीपच्या महिन्याच्या कॅप्सूल जळगावच्या डॉक्टरांकडून आणल्या. नेहमीप्रमाणे धुळे स्टँडवर बाटलीचं लेबल खरवडलं, आतला कागद फाडून टाकला. घरी आल्यावर च्यवनप्राशच्या डब्यात ओतल्या. आई आणि दि.ची बायको सुनंदा, दोघींना त्या शक्तीच्या गोळ्या म्हणून माहीत. एड्सचं घरात कळू द्यायचं नाही ही दि.ची अट. धाकट्या भावाने माझ्याकडे दुसरं कधी काही मागितलं नाही. कुठून लागला ते मी विचारलं नाही.
त्याचं वजन दोन किलोने वाढलंय. सुनंदाचं रक्त तपासा, असं डॉक्टर दर खेपेला सांगतात. दि. म्हणतो, थांब जरा.

१५ नोव्हें., रवि. साक्री
दि.ची जुनी अर्धशिशी उठली. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "दुसरं काही चालू आहे का?" दि. माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "शक्तीच्या गोळ्या. आयुर्वेदिक."
त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. तासाभरात उतार. परत येताना दि. हसला. म्हणाला, "नाना, तुले खोटं बोलता येस, हाई माले ठाऊकच नव्हतं."

१९ नोव्हें., गुरु. धुळे
ऑफिसात फोन. दि.च्या पायांना मुंग्या, बोटं गार. डोकं दुखायचं थांबत नाही म्हणून ती डोकेदुखीची गोळी रोज घेतोय. रजा टाकली.

२१ नोव्हें., शनि. धुळे
दवाखान्यात भरती केलं. उजव्या पायाची बोटं निळी-काळी. घोट्याशी नाडी लागत नाही. तंबाखू किती खातो म्हणून विचारतात. तो सुपारीही खात नाही.
खरं सांगितलं तर वॉर्डातून काढतील ही भीती. कॅप्सूल मीच खिशातून देतो. दर आठ तासांनी, उपाशीपोटी, वर भरपूर पाणी. एक खेप चुकवली नाही.

२४ नोव्हें., मंगळ. जळगाव
डॉक्टरांना सगळं सांगितलं. डोकेदुखीच्या गोळीचं नाव ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावलं ते असं. यकृत औषध मोडतं, मग ते शरीराबाहेर जातं. दि.ची कॅप्सूल यकृताचं ते काम अडवते. त्यामुळे डोकेदुखीची गोळी मोडली जात नाही, रक्तात साठत जाते. तिचा गुण शिरा आवळण्याचा. आधी डोक्याच्या, साठली की हातापायांच्या.
"बाटलीतल्या कागदावर लिहिलेलं असतं," म्हणाले. "घेऊ नये त्या औषधांची यादी."
कागद इंग्रजीत होता. मला इंग्रजी वाचता येतं.
धुळ्याला येऊन तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. दोन्ही गोळ्या बंद केल्या. वॉर्डातून कोणी काढलं नाही.

२६ नोव्हें., गुरु.
गुडघ्याखालून पाय काढला.

२८ नोव्हें., शनि.
पायातलं विष अंगात पसरलं होतं. दि. गेला, सकाळी ९-१०. शेवटी पाणी मागत होता.

७ डिसें., सोम. साक्री
दहावं झालं. गावातले डॉक्टर आले होते. मला बाजूला घेऊन विचारलं, "माझं काही चुकलं का, नाना?" मी नाही म्हणालो.  ते तरीही थांबून होते.

२० डिसें., रवि. साक्री
डबा फडताळात दिसला नाही. आईला विचारलं. म्हणाली, "सुनंदाना जीवमा काही ताकद नही ऱ्हायनी. दिलीपन्या शक्तीन्या गोळ्या तश्याच पडेल शेतस. रोज सकाय एक देस मी तिले."
सुनंदालाही हल्ली डोकं धरतं. दि.च्या डोकेदुखीच्या गोळ्यांची उरलेली पाकिटं तिथेच, फडताळात.
मी तिचा जेठ, थोरला दीर. नऊ वर्षं ती माझ्यासमोर डोक्यावरून पदर घेते, बोलत नाही. जेवायला बोलवायचं तरी आईमार्फत. आणि आईला तर काही माहीत नाही. गोळ्या, डबा दोन्ही पिशवीत घातलं आणि धुळ्याला निघून आलो. भित्रा.

२७ डिसें., रवि. साक्री
आई बाजाराला गेल्यावर चुलीच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. "सुनंदा," म्हणालो. नावाने पहिल्यांदाच. तिने पाठ फिरवून पदर ओढला. डोकेदुखीची गोळी घेतलीस का, विचारलं. मानेनेच नाही. मग आईने दिलेल्या?
 मग भिंतीकडे बघत म्हणाली, "तोंडात धरायची, मागे जाऊन काढायची. त्या खाऊन ते गेले असं मला वाटलं. कशाच्या होत्या, नाना?"
सांगितलं. रोगाचं नाव, माझं खोटं, कागद. तिच्या रक्ताचंही. दि.ची अट मोडली. ती भाकरी थापत राहिली. एक करपली, तीही टोपलीत ठेवली.
आईला अजून नाही.

४ जाने. ९९, सोम. धुळे
सुनंदाला जळगावला नेलं. आईला सांगितलं, डोकं दाखवायचं आहे. रक्त दिलं. रिपोर्ट शुक्रवारी. एसटीत तिने पदराने डोकं आवळून बांधलं होतं. गोळी नको म्हणाली.
पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा पदराच्या टोकाची गाठ सोडून माझ्यापुढे धरली. अकरा कॅप्सूल. धुऊन, पुसून ठेवलेल्या. ओल लागून काही एकमेकींना चिकटल्यात.
"ह्या फेकू, का लागतील मला?"
मी म्हणालो, शुक्रवारपर्यंत राहू दे. तिने गाठ परत बांधली.