न झालेल्या सभांची वही

पनवेल,
ता. ९ फेब्रुवारी १९६३

ती. दादास,

गुणाचा नमस्कार. मी इथे खुशाल आहे. तुझा खोकला बसला असेल. नसला तर बिड्या कमी कर. वहिनीचं तू ऐकत नाहीस म्हणून पत्रात लिहिते. भामावहिनीने दिलेली सुकट चार दिवसांत संपली. पंचायतीच्या या शिबिरात घाटावरच्या दोघी-तिघी आहेत, त्या नाकाला पदर लावतात आणि पुन्हा मागून घेतात.

शिकणं चाललं आहे. सभा कशी बोलवायची, गप्प बसणाऱ्याला बोलतं कसं करायचं, गावाने ठरवलेलं गावाकडून कसं करून घ्यायचं. परवा सरावाची सभा भरवली आणि मला सरपंच केलं. मी तुझ्यासारखी मांडी घालून बसले, कोणी तोंड उघडलं की "बरं, पुरे" म्हणत गेले. सगळे हसले. शिकवणारे टिपणीस मास्तर तेवढे हसले नाहीत.

इकडचं तिकडचं पुष्कळ झालं. आता ज्यासाठी बसले ते लिहिते.

मंगळवारी मास्तरांनी वर्गात एक वही फिरवली. तालुक्यातलं सगळ्यात नीट ठेवलेलं प्रोसिडिंग बुक, म्हणाले. ग्रामसभेचं टिपण असं असावं. वही दोन माणसं पलीकडे असतानाच मी पुठ्ठा ओळखला. आपल्या गावाची. तूच तालुक्याला पाठवली होतीस आणि आठ दिवस ते सांगत फिरत होतास.

अक्षर माझं. चुलीपुढे बसून, तू सांगशील तसं लिहिलेलं. तीन वर्षांत सहा ग्रामसभा, प्रत्येकीला शंभरावर माणसं, ठराव एकमताने मंजूर. त्यातली एकही भरली नाही, हे तुला ठाऊक आणि मला. शिपाई दुसऱ्या दिवशी अंगठे घेत घरोघर फिरायचा. नावं मी मागच्या पानावरून उतरवायची. बुधाजीकाका वारल्यावरही दोन सभांना हजर आहेत, आणि त्यांच्या नावापुढे अंगठाही आहे.

मग ते पान आलं. 'खारबांध व उघाडी सुस्थितीत आहेत.'

हे लिहिलं त्याच्या चारच दिवस आधी बांधाखालची हौसा आपल्या ओटीवर आली होती. मला म्हणाली, "गुणा, उघाडीचा पानी सोडाचा दार कुजलाय. उधान आला त आमची शेता जातील. सभेत लिव." मी तुला विचारलं. तू आतून म्हणालास, "बायकांचा काय लिवतेस? लिव, बांध बरा हाय." मी लिहिलं.

भाद्रपदाच्या उधाणात ते दार गेलं. तिच्या भातात खारं पाणी शिरलं, तिथे अजून दाणा पिकत नाही आणि ती मिठागरावर पाट्या वाहते. ती समोरून येताना दिसली की मी वाट बदलते. दीड वर्ष झालं, हे मी तुला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगत नव्हते.

वर्गात मी उभी राहिले. म्हटलं, "ही वही मी लिहिली आहे आणि यातली एकही सभा झालेली नाही." मास्तरांनी माझ्या हातातली वही घेऊन मिटली. मग म्हणाले, "बाई, राहायचं की घरी जायचं, तुम्ही ठरवा." मी म्हटलं, राहते. तुझं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, पानापानावर तुझी सही आहे.

तू चिडशील. सगळी आळी हसत असताना तूच मला सातवीपर्यंत शिकवलंस, कुंकू पुसल्यावर तूच मला परत आणलंस. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटलं. दादा, मला तुझी लाज वाटते, आणि माझी त्याहून जास्त.

आता काम. नवं दार पावसाच्या आत बसायला हवं. पूर्वी बांधाच्या कामाला घरटी एक माणूस यायचा. आता येत नाही, आणि आपण लोकांना आळशी म्हणतो. त्यांना तीन वर्षांत कोणी काही विचारलंय का? येत्या शनिवारी शिबिर संपतं. रविवारी, ता. १७ ला, सभा बोलाव. दवंडी तीन दिवस आधीपासून पिटायला लाव, बायकांनाही बोलावलंय असं शिपायाला स्पष्ट ओरडू दे. बोलावण्याचा अधिकार सरपंचाचा, म्हणून तुला लिहिते. नाही बोलावलीस तर मी दारोदार फिरून सभा मागणाऱ्या अर्जावर सह्या घेईन. अंगठे कसे घेतात ते मला चांगलं माहीत आहे.

टिपण मीच घेणार, सगळ्यांसमोर बसून. हौसा जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहीन. तू जे उत्तर देशील तेही तुझ्याच शब्दांत लिहीन. आणि तू आलाच नाहीस, तर पहिल्या ओळीत लिहीन : सरपंच गैरहजर.

इतकी वर्षं तू सांगशील ते लिहिणारी,
तुझी बहीण
गुणा