सात पूर्वज आणि एक जागा

नारिन, ११ जुलै

चि. केंगेश यास अनेक आशीर्वाद.

मुलाखतींच्या आदल्या दिवशी तू माझ्या दारात मेंढा बांधून गेलास, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. मेंढा परत पाठवलाय.

आपल्या डोंगरी तालुक्याला डॉक्टरकीची एकच जागा. शिकून इथेच परतायचं, ही अट. तुझा एमिल बिश्केकमध्ये वाढला. अर्जात आजोबांच्या घरचा पत्ता घालून तू त्याला काराजार गावचा केलास. मी निवड समितीवर, तो माझा भाचा, म्हणून त्याच्या वेळी मी बाहेर गेले. आत समितीनं रिवाजाप्रमाणे त्याला सात पिढ्यांच्या पूर्वजांची नावं विचारली. त्यानं घडाघडा म्हटली, आणि पोरगा आपल्याच मातीतला, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं.

मग बुरुल आली. काराजारच्या शाळेतली, गुण एमिलहून जास्त. तिला बापाचंच नाव माहीत नाही, पुढचे सहा कुठून आणणार? म्हाताऱ्या सदस्यांनी माना हलवल्या. तेव्हा मी म्हटलं, पूर्वज राहू द्या. हिवाळ्यात खिंड बंद असताना बाई अडली तर काय कराल, हे दोघांनाही विचारा. एमिल म्हणाला, हेलिकॉप्टर बोलवू. बुरुलनं सांगितलं की शेजारणीला घोड्याच्या घसरगाडीवरून नेलं होतं. मूल वाटेतच गेलं.

पत्ता खोटा आहे, हेही मीच सांगितलं. जागा बुरुलला मिळाली. खुशाल रागाव, पण लिहीत जा.

तुझी एजे, थोरली बहीण,
जुमागुल

बिश्केक, १८ जुलै

ती. एजेस सा. न. वि. वि.

मेंढा पोचला, पत्र त्याहून जड निघालं. सख्ख्या आत्यानंच पोराचा गळा कापला, असं सोयरे म्हणतात. मीही दोन दिवस तेच म्हणत होतो.

पण एमिलला स्वतःच्या हेलिकॉप्टरची लाज वाटतेय. वर्षभर काराजारच्या दवाखान्यात पडेल ते काम करीन म्हणतो. हा हट्ट कुणाच्या रक्तातला, ते तुला सांगायला नको. पाठवतोय. माझ्यावरची माया आटवू नकोस.

तुझा केंगेश

नारिन, २९ ऑगस्ट

चि. केंगेश यास आशीर्वाद.

एमिल सरपण फोडतो, नर्सची बोलणी खातो, मजेत आहे. पुढच्या वर्षी शहरी मुलांच्या रांगेतूनच ये, असं त्याला बजावलंय. कबूल म्हणाला.

बुरुलला वसतिगृहात जागा नाही आणि बिश्केकमध्ये तिचं कुणी नाही. एमिलची खोली रिकामी आहे. तुझ्या बायकोला विचारत नाही, सांगतेय.

तुझ्या हवाली: बुरुल. एक पेटी. कुरुतची पिशवी, खारट दह्याचे गोळे, तिच्या आजीनं वाळवलेले. खाली सही करून पत्र परत पाठव.

जुमागुल

सगळं मिळालं. पोरगी जेवायला बसली आहे.
केंगेश, ३१ ऑगस्ट