आपांसाठी राखून ठेवलेला सिनेमा

४ जानेवारी, रविवार

आपांनीच सांगितलं. चहा झाल्यावर, कप खाली ठेवता ठेवता. डावा डोळा कधीच गेला होता, आता साखरेनं उजवाही धरलाय. काही महिने, डॉक्टर म्हणाले. कमीजास्त.

समीना, त्यांची मुलगी, खिडकीकडं बघत बसली. भाऊराव शेंद्र्याहून मोटारसायकलवर आलेला. हेल्मेट मांडीवर तसंच.

आपा म्हणाल्या, "रोने का काम नै. कामाचं बोला. मला आता निवडून निवडून बघायचंय. एकेकानं आपला सगळ्यात आवडता सांगा. जो बघितला नाही तर मला हळहळ राहील असा."

बाकी अटी जुन्याच. सिनेमा जुना, काळा-पांढरा, हॉलिवूडचा. शेवट सांगायचा नाही. सहा वर्षं दर रविवारी दुपारी चिकलठाण्याच्या माझ्या या हॉलमध्ये चौघं हेच करतोय: एकानं शिफारस करायची, बाकीच्यांनी बघायचं, मग भांडायचं. आज कुणी भांडलं नाही.

क्रम ठरला. भाऊराव, समीना, मग मी. जिच्या घरी बैठक तिनं शेवटी, हाही नियम जुनाच.

माझा कुठला, ते त्याच क्षणी ठरलं. छत्रीवाला.

६ जाने.

इंग्रजी नावं भाऊरावच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून आमच्यात टोपणनावं. पण छत्रीवाल्याचं टोपणनाव फक्त माझ्यापुरतं आहे. त्याच्याबद्दल कुणाशीच बोलले नाही कधी.

रेल्वेचं ऑफिस. प्रवाशांचं हरवलेलं सामान तिथं येतं. काउंटरमागं एक बाई. एक माणूस रोज येऊन काळी छत्री मागतो. ती एकेक छत्री काढून दाखवते, तो मान हलवतो. पहिला तासभर एवढंच. घटस्फोटाच्या वर्षी आठ दिवसांत तीनदा बघितला. कुणी सांगितलं नव्हतं बघ म्हणून, आपला आपण सापडलेला. म्हणून तर जपून ठेवलेला.

आपांना दाखवायचा तर नीट दाखवायचा. माझ्याकडच्या प्रतीत आवाज खराब, आणि खाली अक्षरं नाहीत. इतर सिनेमांना इंग्रजी सबटायटल्स मी नेहमी शोधून लावते. याला मराठीच करीन. मोठी, पिवळी, आपांना दिसतील अशी.

११ जाने., रवि.

भाऊरावचा 'बहिरा घोडा'. एका कारकुनाला वारसात शर्यतीचा घोडा मिळतो, त्याला सुरुवातीची बंदूकच ऐकू येत नाही. भाऊरावनं आधीच बजावलं: "आपा, घोड्याकडंच बघा. माणसं काय, माणसं कंपनीत रोजच बघतोय." आपा हसून हसून दुपट्ट्यानं डोळे पुसत होत्या. हसून झाल्यावरही पुसत होत्या.

मधे विमान. नेहमीसारखं भाऊरावनं रिमोट घेऊन सिनेमा थांबवला, विमान डोक्यावरून धावपट्टीकडं गेल्यावर सोडला.

आपांची खुर्ची आता टीव्हीपासून हातभर.

१५ जाने.

सबटायटल्स. सहाशेच्या वर ओळी आहेत. छत्री मागणारा एका जागी म्हणतो, पावसाबद्दल तक्रार नाही. 'पावसाचं काही नाही हो' असं केलं. मग 'हो' काढलं. मग परत घातलं. सकाळ गेली. कादंबरीवर इतकी घासाघीस करत नाही मी.

१८ जाने., रवि.

बैठक नाही. आपांची साखर वाढलेली.

नववीत त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. चार मुलींना इंग्रजी सिनेमाच्या सकाळच्या खेळाला नेणार होत्या. बाबा कंपनीतून पहिली पाळी करून आलेले, नाहीच म्हणाले. तर आपा स्वतः आमच्या गल्लीत आल्या. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लोखंडी खुर्चीवर बसल्या, बशीतून चहा प्यायल्या. आमच्याकडं चहा पिणाऱ्या त्या पहिल्या बाई, शाळेतल्या. म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. जग सगळं नकाशात मावत नाही, जरा पडद्यावरही बघू द्या."

त्या दिवशी घरी येऊन सिनेमा जसाच्या तसा वहीत उतरवला. शेवट सोडून. तो धाकट्या भावाला सांगायचा नव्हता. माझं पहिलं लिखाण ते.

२५ जाने., रवि.

समीनाचा 'जिन्यावरचा नाच'. हॉटेलच्या लांबलचक जिन्यावर दोघं नाचत उतरतात, एकदाही कापलेला नाही तो प्रसंग. आपांना निम्मा जिना दिसत नव्हता. "अब कौन सा पांव?" विचारत होत्या. समीना सांगत होती, डावा अम्मी, आता उजवा, आता तिचा डावा. आवाज कुठं हलला नाही तिचा. नंतर स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली ती बराच वेळ आली नाही.

जाताना आपा: "पुढच्या रविवारी तू."

म्हटलं, पुढच्या नाही, आणखी एक आठवडा द्या. काम बाकी आहे.

"कसलं काम? सिनेमा बन गया है ना?"

सगळे हसले. मीही.

१ फेब्रुवारी, रवि.

माझ्याऐवजी भाऊरावनं दुसरा एक आणला. ठीक होता. आपा मधेच डोळे मिटून बसल्या.

खरं लिहिते. सबटायटल्स बुधवारीच पूर्ण झाली. पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावूनही बघितली. चार दिवस नुसते स्वल्पविराम इकडचे तिकडं करतेय.

माझा दाखवून झाला की यादी संपली. यादी संपली की मग फक्त वाट बघायची उरते. माझा बाकी आहे तोवर त्यांच्या डोळ्यांना काहीतरी बघायचं बाकी आहे, असं काहीतरी...

येत्या रविवारी नक्की.

५ फेब्रु., गुरुवार

अकराच्या सुमारास समीनाचा फोन. आपा मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, लाइट कुणी बंद केला?

डोळ्यात रक्त उतरलंय.

क्रांती चौकात रिक्षा अडकली, तिथून चालत गेले. दवाखान्याच्या बाकावर आपा ताठ बसलेल्या, मांडीवर हात, शाळेत परीक्षेला देखरेखीला बसायच्या तशा. बोटांना मेथीचा वास.

पेनड्राइव्ह पर्समध्ये होता. कशासाठी घेतला होता कोण जाणे.

८ फेब्रु., रवि.

येऊ नका असं कुणी कळवलं नव्हतं. भाऊराव आला. दोघं बंद टीव्हीसमोर बसलो. चहा केला. विमान आलं तसा त्याचा हात आपोआप रिमोटकडं गेला. धरून बसला, विमान जाईपर्यंत.

मग म्हणाला, "ताई, तुमचा राह्यलाच की."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच लागलं. घरातच हेल्मेट चढवलं, चहा अर्धा सोडून गेला.

११ फेब्रु.

ऑपरेशन झालं. रक्त काढून डोळ्यात हवेसारखा वायू भरलाय, त्यामुळं दहा दिवस पालथं पडून राहायचं. जेवण, औषध, नमाज, सगळं मान खाली घालून. वायू हळूहळू जिरतो, नजर उरली असेल तर तेव्हा कळेल. डॉक्टरांनी कशाचीच हमी दिली नाही.

१४ फेब्रु.

आपांकडं गेले. पलंगाच्या कडेला पालथ्या, कपाळाखाली गुंडाळलेला टॉवेल, चेहरा जमिनीकडं. समोरासमोर बोलायचं तर खालीच बसावं लागतं. फरशीवर बसले.

सबटायटल्सचं सांगितलं. सगळं. पिवळी अक्षरं, सहाशे ओळी.

आपा म्हणाल्या, "मैं नीचे कब्बी पढ़ी क्या? सहा वर्षांत एकदाही नाही. मैं चेहरे देखती."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इतकी मेहनत करून लावायचीस. अक्षरं छान आहेत म्हणायचे मी."

खरंच म्हणायच्या. दर रविवारी.

मग उरलेलंही सांगितलं. "आपा, तो बुधवारीच तयार होता. रक्त उतरायच्या आठवडाभर आधी. तुम्ही बघू शकला असता."

"फिर?"

"संपू नये वाटलं."

चेहरा दिसत नव्हता त्यांचा, टॉवेलची किनार दिसत होती. शेवटी हात पलंगाखाली आला, चाचपत माझ्या कानापर्यंत पोचला. कान धरला. ओढला नाही, नुसता धरून ठेवला.

"भूगोलाच्या वहीतही असंच करायचीस. नकाशा पुरा करून द्यायची नाहीस. एखादी नदी ठेवायचीस."

माफ केलं का, विचारलं नाही.

"ला. सुना तेरा सिनेमा."

१६ फेब्रु.

रोज अर्धा तास. लॅपटॉप फरशीवर, आवाज बेताचा, मी शेजारी मांडी घालून. भाषांतराची गरजच नाही. खराब आवाजातूनही इंग्रजी त्यांना समजतं, माझ्यापेक्षा बरं. विचारतात एकच. "अब मुंह कैसा है उसका?"

काउंटरमागच्या बाईचा.

"उदास," म्हटलं.

"उदास तो मैं भी हूं. कैसा उदास?"

वीस वर्षं लिहितेय. सुचेना. सिनेमा थांबवला. चेहऱ्याकडं बघत राहिले, इतक्यांदा बघितलेला, आणि पहिल्यांदा नीट दिसला. बस निघून गेल्यावरही एखादी बाई थांब्यावरच उभी राहते, घरी परत जायला उशीर करते, तशी.

"हं," आपा म्हणाल्या. "आता दिसली."

सहाशे ओळींत ही एक ओळ नव्हती.

१८ फेब्रु.

शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत आलो. ऑफिस कायमचं बंद व्हायचा दिवस. सामानाच्या फळ्या रिकाम्या. तो येतो. ती काउंटरवर काहीतरी ठेवते आणि त्याच्याकडं बघते. एक शब्द नाही कुणाचा. कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर.

मी सांगायला तोंड उघडलं तर आपा म्हणाल्या, "बस."

"आपा, थोडाच राहिलाय."

"शेवट सांगायचा नाही. नियम सबके लिए. ये मैं खुद देखूंगी."

समीना डोळ्यात घालायचं औषध घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. जे तिच्या मनात तेच माझ्या. नाही दिसलं तर.

आपांना न बघताही कळलं असावं. "आणि तोवर तूसुद्धा बघायचा नाहीस. मी मोकळी केल्याशिवाय नाही. उद्यापासून रोजे. डॉक्टर मला धरू देत नाही. तो ये मेरा रोजा समझ. तुझाही."

बरं म्हटलं.

शेवट मला पाठ आहे. तरी आज रिक्षात आठवायला गेले तर तिनं काउंटरवर नेमकं काय ठेवलं, तेच आठवेना.

१ मार्च, रविवार

पालथं झोपणं संपलं. वायू निम्मा जिरलाय म्हणे. आपांना खाली पाण्यासारखी एक रेघ हलताना जाणवते, वर धुरकट. काल समीनाचा हात की पडदा, ओळखता आलं नाही. डॉक्टर म्हणतात, थांबा.

आज आपा हट्टानं आल्या. समीनानं जिन्यावरून धरून आणलं. भाऊरावनं खुर्ची आपली आपण टीव्हीपासून हातभर ठेवली, मग जरा मागं घेतली, मग परत पुढं. त्याचाही रोजा आहे, म्हणाला, कारण छत्रीवाल्याचं ऐकल्यापासून त्यालाही शेवट बघायचाय. आपा म्हणाल्या, "तू घोड्यावर बस." बऱ्याच दिवसांनी हसलो.

टीव्ही लावला नाही. पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागं खोचलेला आहे, सिनेमा आमच्यापुरता काउंटरमागच्या बाईच्या चेहऱ्यावर थांबलेला.

विमान येऊन गेलं. कुणी काही थांबवलं नाही.

आपांनी मान थोडी वळवली. "सुजाता, टीव्ही चालू केलास का?"

"नाही आपा."

"अच्छा. मला तिकडं काहीतरी उजळ वाटलं."

त्या बाजूला खिडकीही आहे.