चार चादरी

३ ऑगस्ट
तीन चादरी, तिन्ही ओल्या! आठ दिवस ऊन नाही. आईचं अंथरूण दिवसातून तीन-तीनदा बदलावं लागतं. अर्धांगवायू होऊन सहा महिने झाले. बोलत नाही, नुसती बघते. डायपरनं चामडी सोलून निघाली, म्हणून नर्सबाईंनी ते बंद केले. आता मी, बादली आणि गॅलरीतली दोरी.

नर्सबाई बजावून गेल्या— "ओल्यावर ठेवू नका हो. एकदा पाठ फुटली की आवरायची नाही."

ताई पुढच्या आठवड्यात येणार. फोनवर म्हणाली, "एकटा माणूस तू. कामाला जाणार की धुणं धुणार? पाठीवर एक जखम दिसू दे मला, वृद्धाश्रमातच नेऊन ठेवते." मी आईच्या उशाशीच बसलो होतो, स्पीकर चालू. तिला काय कळतंय म्हणा! आजारी पडली तेव्हा तिचा हात धरून शब्द दिला होता— घरातून हलवणार नाही.

४ ऑगस्ट
चौथी चादर आणली, गडद निळी. सगळ्या एकाच बादलीत भिजवल्या. सगळ्या निळ्या झाल्या! आईचे दोन गाऊन आणि माझा बनियनसुद्धा. वरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "भाऊ, जरा आभाळालाही बुडवून काढा!" हसलो. किती दिवसांनी.

६ ऑगस्ट
शहाणपणा नडला. मी कामाला जातो तो छापखाना गल्लीतच, मधेमधे घरी येऊन आईला बघता येतं; तिथल्या बाइंडिंग खात्यात नव्या वह्या दाबायला लोखंडी शिकंजा आहे. पिळलेली चादर पिशवीतून नेली, जेवणाच्या सुट्टीत घडी करून त्यात ठेवली आणि चाक आवळलं. काय पाणी निघालं! एवढं माझ्या मनगटांनी जन्मात निघालं नसतं. स्वतःवरच खूश.

उघडलं तर चादरीवर गंजाचे दोन पट्टे, आणि खाली रचलेले पुठ्ठे भिजून फुगलेले. मालक दारात. "अहो, हा छापखाना आहे की धोबीघाट?" मान खाली घातली. थोड्या वेळानं तेच जवळ आले— "आई कशी आहे?" मी भिजलेले पुठ्ठे उचलायला लागलो.

७ ऑगस्ट
इस्त्रीनं वाळवायला गेलो. एक कोपरा जळला. घरभर कुबट वास.

८ ऑगस्ट
दमट चादर माझ्या गादीवर पसरतो आणि तिच्यावर झोपतो. अंगाच्या उबेनं वाळते. सकाळी ती आईखाली घालतो. माझी कंबर आखडली, पण तिची पाठ शाबूत आहे. देवा, तेवढी राहू दे.

९ ऑगस्ट
काल एक केलं. लिहावं की नाही, कळत नाही.

दुपारी चारनंतर आईला पाणी दिलं नाही. ओठ ओले केले, बस्स. आज पहाटे पाहिलं तर चादर अर्धीच भिजलेली.

१० ऑगस्ट
आजही तसंच. सकाळचा पेलाही अर्धाच भरला. दिवसभरात दोनच चादरी लागल्या. धुतलेली एक तर पंख्याखाली चक्क खडखडीत वाळली! संध्याकाळी देवापुढे बसलो. हात जोडले, पण डोळे मिटवेनात.

११ ऑगस्ट
एकच चादर.

१३ ऑगस्ट
सकाळी आईचं अंग तव्यासारखं तापलेलं. डोळे खोल गेलेले. जीभ लाकडासारखी. डॉक्टर घरी आले. त्यांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

"पाणी देता ना पुरेसं?"

"देतो की."

खोटं बोललो. आईच्या देखत, देवाच्या तसबिरीखाली उभं राहून.

सलाइन लावलं. म्हणाले, "हे उतरलं की तासातासाला चमच्याचमच्यानं पाजा. पोटात पाणी गेलं पाहिजे, नाहीतर मूत्रपिंडं हातची जातील. या वयात मग काही करता येत नाही."

उरलेल्या तिन्ही चादरी घडी करून कपाटात पडल्यात. बघवत नाहीत.

१४ ऑगस्ट
ताई आली. आल्या आल्या आईला कुशीवर वळवून सगळी पाठ बघितली, बोटं फिरवून. एक ओरखडा नाही. मग माझ्याकडे वळली आणि रडायलाच लागली. "माझंच चुकलं रे. पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं केलंस. राहू दे तिला इथंच."

जमीन दुभंगावी असं वाटलं. तोंडाशी आलं होतं— ताई, मी तिला तहानलेली ठेवली. नाही बोललो. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, तोही फिरवू दिला.

१५ ऑगस्ट
सलाइन काढलं. मी पाण्याचा चमचा आईच्या ओठांना लावला. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. पुन्हा लावला. तिनं मान फिरवली. "गिळता येत नसेल," ताई म्हणाली.

तेवढ्यात आई बोलली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. जड, तुटकं, पण अगदी स्पष्ट—

"नको, बाळा... चादरी वाळत नाहीत."